केसरअक्काचा दाखला

केसरअक्काच्या मळ्यातली खोली भाड्याने घेतली तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे झोप. धुळ्याहून बदली होऊन मी पूर्णाकाठच्या त्या गावात शाळामास्तर म्हणून आलो होतो. हल्ली ज्याला मुक्ताईनगर म्हणतात ते तेव्हाचं एदलाबाद तिथून सायकलने तासाभरावर. गावात शाळेजवळ एक खोली मिळत होती, पण तिच्या एका अंगाला लोहार आणि दुसऱ्या अंगाला भजनी मंडळ. म्हणून मी शहाणपणा केला आणि गावाबाहेर, अगदी शिवेला लागून असलेल्या मळ्यातली खोली धरली. केळीचा लहानसा बाग, थोडी कपाशी, दोन म्हशी, चार शेळ्या आणि पन्नास-साठ कोंबड्या. एवढ्यांचा आवाज तो किती असणार, असा माझा हिशेब होता. त्यात केसरअक्काचा आवाज मी धरलाच नव्हता.

पहिल्याच पहाटे दारावर थाप पडली.

"मास्तर, उठनात का?"

"नाही," मी आतून म्हणालो.

"बोलनात म्हंजे उठनातच. दूध शे, ल्या."

दूध ठेवून ती गेली. मी पुन्हा पांघरूण ओढलं, पण झोप कसली येते. बाहेर तिची पावलं गोठ्याकडे गेली, तिथून विहिरीकडे, तिथून केळीत आणि परत खुराड्याशी. बाई चालते आहे की कोणाला शोधते आहे, काही कळेना. त्या मळ्यात राहिलो तेवढ्या काळात एकही पहाट मला वेगळी गेली नाही.

अक्का पन्नाशीची, काटक, उन्हाने रापलेली. लुगड्याचा ओचा कायम खोचलेला. ती अमळनेरकडची. लग्न होऊन इकडे पूर्वेला आली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती, पण माहेरची अहिराणी तिने सोडली नाही. इकडची बोली निराळी, त्यामुळे गावातल्या बायका तिच्या बोलण्याला हसत. मी धुळ्याचा, म्हणजे तिच्या लेखी माहेरचाच माणूस. हा मान मला फार महाग पडला. माहेरच्या माणसाला कधीही उठवता येतं, अशी तिची समजूत होती.

तिला बसलेलं मी जवळजवळ पाहिलंच नाही. भाकरी ती उभ्याने खायची, एका हातात भाकरीवर ठेचा आणि दुसऱ्या हाताने म्हशीपुढचा कडबा सारायची. कोणी बस म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर असे, "बसीसन काय व्हनार शे?" याचं उत्तर खरं तर तिच्या घरातच होतं. तिचे यजमान नाना दिवसभर ओट्यावर बसलेले असत आणि त्यांचं सगळं उत्तम चाललेलं होतं. नानांनी आयुष्यात बसण्याचं काम मनापासून केलं. बागेला पाणी देतानासुद्धा ते पाण्याच्या दांडाच्या कडेला बसून देत. दोघांचा संसार कसा झाला याचं मला कोडं होतं. पुढे माझ्या लक्षात आलं की ती धावत असल्यामुळे त्यांना बसता येत होतं, आणि ते बसलेले असल्यामुळे तिला परत यायला एक ठिकाण होतं.

कोंबड्यांना तिने सासरच्या नात्यांची नावं ठेवली होती. एक काळी होती ती जाऊबाई. एक मोठ्या तुऱ्याची, दाण्यावर आधी झडप घालणारी, ती विहीण. एक कायम कुरकुरणारी पांढरी, ती नणंद. "आज इहीन रुसनी शे, दाना नही खात," असं ती काळजीने सांगे, आणि खरी विहीण भुसावळहून आली की अख्खं घर या नावांबाबत तोंडाला कुलूप लावून बसे.

त्या भागात कोणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली, की बाई दुसरीकडून चांगल्या जातीची अंडी आणून तिच्याखाली ठेवी. पिल्लं निघाली की निम्मी अंडी देणारीची, निम्मी कोंबडीवालीची. पूर्वी साऱ्या गावाने अशी अंडी अक्काकडूनच नेलेली. तिच्या हातची अंडी वाया जात नाहीत असा लौकिक होता. मी राहायला गेलो तेव्हा मात्र अंडी न्यायला एकही बाई येत नव्हती. गावाबाहेर आहे म्हणून येत नसतील, असं मला वाटलं. खरं कारण नानांनी सांगितलं, तेही ती केळीत गेल्यावर, आवाज खाली आणून.

मी येण्याच्या आदल्या वर्षी मळ्यात मानमोडी शिरली होती. कोंबडी माना वाकड्या करते, गोल गोल फिरते आणि बघता बघता मरते, तो हा रोग. आमच्या खानदेशात जुनी समजूत आहे की आजार दाराशी आला तर धडधाकट जनावराचं दार बदलावं. दार बदललं की आजार चुकतो. पहिली कोंबडी वाकडी झाली त्याच दुपारी अक्काने बाकीच्या चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या डालग्यांत भरल्या आणि घरोघर वाटल्या. सोनाईला दोन, पाटलाच्या सुनेला दोन, तेलिणीला एक. तेवढ्या तरी वाचतील, म्हणून. बायकांनी त्या आनंदाने ठेवून घेतल्या. शेजारधर्मच होता तो. थोड्याच दिवसांत गावात पहाटे आरवायला एक कोंबडा उरला नाही.

"कोनी काई बोललं नई बरं का, मास्तर," नाना म्हणाले. "पन त्यायनं येनं सोडलं."

भांडण झालं असतं तर अक्काला परवडलं असतं. भांडणात ती कोणाला हार गेली नसती. पण गाव गप्प बसलं. सोनाई तर तिची जिवाची मैत्रीण, गावाच्या अलीकडच्या टोकाला राहणारी. ती मळ्यावरून जाणारी वाट सोडून नदीला लांबच्या वाटेने जाऊ लागली. अक्काने पुन्हा कुठून कुठून अंडी मिळवून कोंबड्या वाढवल्या, पण तिच्या पायांना जी भिंगरी लागली ती तेव्हापासून. आधी ती चालायची, त्यानंतर पळायला लागली, असं नाना म्हणाले.

अशातच तालुक्याचा गुरांचा डॉक्टर सायकलवरून आला. तरुण, डोक्यावर हॅट, बोलणं शुद्ध पुस्तकी. सरकारने म्हणे नवी योजना काढली होती. निवडक मळ्यांतल्या निरोगी कोंबड्यांची अंडी जळगावच्या सरकारी केंद्रात उबवायची आणि पिल्लं गावोगाव द्यायची. पण त्यासाठी मळ्याला आरोग्याचा दाखला हवा. कोंबड्यांना लस टोचलेली हवी, त्यांचं रक्त तपासलेलं हवं, बंदिस्त जागा हवी, आणि शेवटी डॉक्टरांची पाहणी.

अक्का शेणाचे हात तसेच धरून ऐकत होती. "दाखलावर काय लिखेल ऱ्हाई?"

"या मळ्यातले पक्षी निरोगी आहेत व त्यांच्यापासून इतरांस रोगाचा धोका नाही, असं."

"सरकारना सिक्का?"

"हो, शिक्का आणि माझी सही."

ती हात धुवायला गेली. डॉक्टर गेल्यावर नियमांचा छापील कागद घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला. बाहेरचा पक्षी आत आणू नये. आणल्यास वेगळ्या जागी ठेवावा. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाय जंतुनाशकात बुडवावेत. रोगाची शंका येताच पक्षी हलवू नयेत व तात्काळ कळवावे.

"तो शेवटला फिरीसन वाचा."

मी पुन्हा वाचला. ती खाली बघत उभी होती. "हाई आधी कोनी सांगं नही," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मला तेव्हा तिची अतिशय दया आली. तो दयेचा पाझर दुसऱ्या पहाटे आटला, कारण कोंबडं आरवायच्या आत ती दारात हजर: "मास्तर, तो पायना नेम वाचा बरं."

त्या कागदाने माझा पिच्छा पुरवला. तिला तो पाठ झाला होता, तरी ती वाचून घ्यायची. आपण काही विसरलो असू या धास्तीने. सगळ्यांत छळ झाला तो पायाच्या नियमाचा. फाटकाशी तिने पत्र्याचं घमेलं ठेवलं, त्यात गोणपाट आणि फिनेलचं पाणी. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. माझ्या एकुलत्या एक बुटांना महिन्याभरात असा काही वास लागला की शाळेत पोरं वर्गाच्या मागच्या बाकांसाठी भांडू लागली. नानांनी यावर साधा तोडगा काढला. त्यांनी मळ्याबाहेर जाणंच बंद केलं.

त्या दिवसांत भुसावळहून जावई आले. रेल्वेत नोकरीला, पायात नवे चकचकीत बूट. आमच्याकडे जावई आला की त्याचे पाय धुतात, पण ते पाण्याने. इथे सासूबाई फाटकाशी फिनेलचं घमेलं घेऊन उभ्या.

"हे काय?" जावई म्हणाले.

"नेम शे. पाय बुडा, मंग या."

जावयांचा चेहरा उतरला. ते फाटकाबाहेर लिंबाखाली बसले ते बसलेच. लेक रडकुंडीला आली. नाना ओट्यावरूनच "येऊ दे व त्यायले," असं म्हणाले आणि आपण कर्तव्य केलं अशा समाधानाने पुन्हा टेकले. अक्का तसूभर हलली नाही. तिने वांगी भाजली, भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि ताट लिंबाखाली नेऊन वाढलं. जावयांनी ताटाकडे पाहिलं. सासुरवाडीला आलं की कोंबडी कापली जाते, हा त्यांचा दर वेळचा अनुभव.

"कोंबडी नही?"

"पायमा कडी घातेल शे तिसले. दाक्तरनी मोजी ठेयेल शेतस," अक्का म्हणाली. "दाखला उना का दोन कापसू."

नोंद झालेल्या प्रत्येक कोंबडीच्या पायात डॉक्टरांनी पत्र्याची कडी अडकवली होती, ती गोष्ट खरी. पण जावयापेक्षा कोंबडी वरचढ ठरल्याची बातमी भुसावळात पोचली आणि खऱ्या विहिणीने पुढे बरेच दिवस अबोला धरला. अक्काला त्याचंही काही वाटलं नाही. तिचं चित्त त्या कागदात अडकलं होतं.

रक्त तपासायला डॉक्टर आले तो दिवस मला अजून दिसतो. पंखाखालच्या शिरेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काढायचा, पांढऱ्या काचेवर निळसर औषधात मिसळायचा आणि काच हलवायची. थेंबात बारीक गुठळ्या धरल्या तर कोंबडी रोगी. प्रत्येक काचेवर अक्का अशी वाकायची की डॉक्टरांना स्वतःला दिसेना. "सरका जरा," असं ते दर वेळी म्हणत, ती सरके आणि पुन्हा वाके. एकाही काचेवर गुठळी आली नाही. डॉक्टर सामान आवरू लागले तेव्हा तिने स्वतःचा हात पुढे केला.

"मनं बी देखा."

डॉक्टर हसले. "हे कोंबड्यांचं औषध आहे, अक्का. माणसाचं रक्त यात कळत नाही."

ती हसली नाही. हात मागे घेऊन पदराला पुसला. मला वाटतं, आपल्यातच काहीतरी आहे जे दारोदार रोग नेतं, अशी तिच्या मनाने समजूत करून घेतली होती. 

शेवटची पाहणी तेवढी उरली. डॉक्टरांनी दिवस नेमून दिला. अक्काने खुराडं चुन्याने रंगवलं, मग नानांचा ओटा रंगवला, आणि नाना वेळेवर उठले नसते तर त्यांनाही रंगवलं असतं. दिवस जवळ आला तशी ती बोलता बोलता मध्येच थांबून खुराड्याकडे बघायला लागली. "तो कागद उना का मी सोनाईना दारसे जासू," असं मला एकदा म्हणाली. "काई बोलावं नही. नुस्ता दखाडसू."

आणि नेमका तेव्हाच मरीआईचा गाडा आला.

हा गाडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावात रोगराई आली की लाकडाचा एक लहानसा गाडा करतात, त्यावर देवीचा हिरवा खण, नारळ, निंबू ठेवतात आणि एक जिवंत कोंबडा बांधतात. गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत ओढत नेऊन पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून द्यायचा. त्याबरोबर रोग गेला. मग पलीकडच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर काढायचा, असा तो पुढे पुढे जातो. नदीच्या वरच्या अंगाच्या गावात तेव्हा काही साथ होती. त्यांनी गाडा आमच्या शिवेवर आणून सोडला. शीव म्हणजे अक्काच्या कुंपणाची काटेरी फांदी.

सकाळी अक्का कोंबड्या सोडायला निघाली तर कुंपणाच्या आत, खुराड्यापासून थोड्या अंतरावर, एक तांबडा कोंबडा उभा. पायात तुटलेली दोरी. ती जिथे होती तिथेच थबकली. मग तिने मला जी हाक मारली ती ऐकून मी खरोखरच पहिल्या हाकेला उठलो.

कोंबड्या अजून कोंडलेल्याच होत्या हे नशीब. पण त्या कोंबड्याचं करायचं काय? हाकलला तर गावात जाणार. पुन्हा गाड्याला बांधला तर पोरं तो पुढच्या गावाच्या दारात नेऊन ठेवणार. मारावा तर देवीचा. तिने सगळा विचार माझ्यासमोर उभ्या उभ्या केला, आणि मग माझ्या खोलीकडे बघितलं.

"मास्तर, नेममा शे ना, येगळी जागा?"

माझी खोली खुराड्यापासून मळ्याच्या दुसऱ्या टोकाला होती. कोंबडा डालग्याखाली माझ्या खोलीत गेला आणि मी वळकटी घेऊन शाळेत.

दुपारी गावातली माणसं गाडा पुढे न्यायला आली. त्यांच्यात भिकाआबा होते, गावातलं सगळ्यांत मोठं माणूस. गाड्यावर कोंबडा नाही हे पाहून त्यांनी अक्काला विचारलं.

"मनाकडे शे," अक्का म्हणाली. "तो आते आठेच ऱ्हाई."

"देवीचा हाये तो, केसर."

"मंग देवीनं माले इचारू द्या."

भिकाआबांनी काठी जमिनीवर आपटली. असं कोणी कधी बोललं नव्हतं. माणसं घटकाभर कुजबुजली आणि नुसता नारळ-निंबूचा गाडा ओढत निघून गेली.  तिची देवीवर श्रद्धा नव्हती असं कोणी समजू नये. त्या संध्याकाळी तिने फाटकाशी हळदकुंकू वाहिलं आणि बराच वेळ हात जोडून उभी होती. तिला देवीचीही भीती होती आणि नेमाचीही. पण मागच्या खेपेची आठवण त्या दोन्हींहून मोठी होती.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी शाळा सुटल्यावर मळ्यात आलो तर ती माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी होती. डालग्याखाली कोंबडा मान पाठीवर टाकून गोल फिरत होता. घटकाभरात तो मेला.

तेव्हा नाना ओट्यावरून उठून आले. त्यांना उठलेलं पाहूनच मला गोष्ट किती गंभीर आहे ते कळलं. "खड्डा करतो मी," ते म्हणाले. "चुना टाकतो वरून. आपल्या कोंबड्यायले लस टोचेल हाये, त्यायले काई होत नई. उद्या तो दाक्तर येईन, सही करीन. कोल्ह्यानं नेला म्हनू. कोनाले समजते?"

आणि खरंच कोणाला समजणार होतं? पाहणीत डॉक्टर कोंबड्या बघणार होते, आणि कोंबड्या ठणठणीत होत्या. इतके महिने जिच्यासाठी पळापळ केली ती सही एका रात्रीवर आली होती. अक्का खुराड्याला एक फेरी घालून आली, दुसरी घालून आली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो.

"मागला टाईमले बी मी म्हनं व्हतं, कोनाले समजी," ती म्हणाली. कोंबड्या वाटताना रोगाचं तिने कोणाला सांगितलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि ती कुंपणापाशी गेली. गावाकडे जायची तिची हिंमत नव्हती असं नाही, पण रोग पायाने जातो हे तिने माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. म्हणून ती कुंपणाच्या आत उभी राहिली आणि वाटेने शेतातून परतणाऱ्या प्रत्येक बाईला ओरडून सांगू लागली. "मनाकडे मानमोडी उनी शे व माय. कोंबड्या कोंडी टाका. मनाकडे येऊ नका." बायका दचकून थांबत. कोणी कपाळाला हात लावी, कोणी पाऊल उचलून पळे. "पुन्हा हिच्याच घरी," असं कोणीतरी बोललं ते मला ऐकू आलं, म्हणजे तिलाही आलं असणार. ती ओरडत राहिली. मला तिला गप्प करावंसं वाटत होतं, इतकं ते ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. ज्या माणसाची तिने इतके महिने वाट पाहिली त्याला तिने फाटकातच अडवलं.

"आतमा येऊ नका, दाक्तरसाहेब."

सगळं ऐकून त्यांनी हॅट काढली. घमेल्यात पाय बुडवून ते तरीही आत आले, त्यांनी कोंबड्या पाहिल्या, पुरलेली जागा पाहिली. सगळ्या कोंबड्या चांगल्या होत्या. पण नियम त्यांच्याच हातून आलेला होता. मळ्याच्या हद्दीत रोग सापडला तर त्या हंगामात दाखला देता येत नाही.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी सही केली असती," ते म्हणाले. 

"मंग काय करू?" अक्का म्हणाली. "परत अख्ख्या गावले..."  ती वळून म्हशींकडे गेली.

पुढचे दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नये. अक्का दिवसातून कितीदा कोंबड्या मोजी याला सुमार नव्हता. एखादीने मान जरा तिरपी केली की ती तिला उचलून उजेडात धरी. खोली फिनेलने धुऊन घेतल्यावर मी परत तिथे राहायला आलो होतो, आणि पहाटे जागा होऊन गावाकडे कान लावून पडू लागलो. गावातला कोंबडा आरवला की मग मला झोप लागे. वरच्या गावात पहाट मुकी झाल्याची बातमी बाजारच्या दिवशी आली. तिथे खुराडीच्या खुराडी रिकामी झाली होती. आमच्या गावातली एकही कोंबडी मेली नाही. मळ्यातलीही नाही.

अक्काचं कोणी कौतुक केलं नाही. जे झालंच नाही त्याबद्दल कोण आभार मानणार? भिकाआबांच्या मते देवीनेच गावावर दया केली होती, आणि कदाचित केलीही असेल. डॉक्टरांनी वर लिहितो म्हणून सांगितलं होतं, त्याचं उत्तर काही आलं नाही. अक्का पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत जाई आणि न विचारताच परत फिरे.

उन्हाळ्यात माझी बदली पुन्हा धुळ्याला झाली. निघायच्या दिवशी एस.टी.च्या रस्त्यापर्यंत जाण्यासाठी ट्रंक आणि वळकटी बैलगाडीत टाकून झाली होती. नाना ओट्यावरून हात हलवून मोकळे झाले होते. अक्काचा निरोप घ्यायला तिला शोधावं लागलं. ती कुंपणाशी होती आणि कुंपणाबाहेर सोनाई उभी होती. तिने मळ्याची वाट सोडून दिलेली, त्यामुळे मी तिला तिथे पहिल्यांदाच पाहत होतो. तिच्या बगलेत एक करडी कोंबडी होती.

"खुडूक बसली व, अक्का," सोनाई म्हणत होती. "अंडे दे."

मी गाडीवानाला थांब म्हटलं. अक्काचा चेहरा एकदम उजळला. ती दोन पावलं खुराड्याकडे गेलीसुद्धा. मग थांबली आणि परत आली.

"नही," ती म्हणाली. "दाखला नही भेटना अजून."

"मले कायले पायजे तुहा दाखला? मी मांगून ऱ्हायली ना!"

"तुले नही लागत व्हई, सोनाई. माले लागस."

सोनाईला राग आला. काय हा ताठा, असं ती पुटपुटली, पण ती गेली नाही. गाडीवानाने बैल हाकले. मी मागे वळून पाहिलं तेव्हा दोघी तशाच उभ्या होत्या, एक आत आणि एक बाहेर, आणि करडी कोंबडी सोनाईच्या बगलेत सुटायची धडपड करत होती.